युकातानमध्ये स्वतः गाडी चालवणार असाल तर: कार्ड, विमा, घड्याळ आणि रस्ता

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या कान्कूनमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. गाडी ताब्यात घ्यायला गेलेल्या ग्राहकांचा फोन आम्हाला नेमका याच सुमारास येतो: "बुकिंग आहे, पैसे भरलेत, तरी गाडी देत नाहीत." तेव्हा इथली बँक बंद झालेली असते आणि आमच्या हातात फार थोडं उरतं. चिचेन इत्साचे माया भग्नावशेष, सेनोटे म्हणजे पाण्याने भरलेले नैसर्गिक खोल खड्डे, तुलुमचा समुद्र यांबद्दल तुम्ही आधीच पुष्कळ वाचलेलं असतं, म्हणून या पत्रकात सुरुवात गाडीपासून करतो.

गाडी अडते ती कार्डामुळे

चावी देण्याआधी भाडेकंपनी कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते. त्यासाठी क्रेडिट कार्डच लागतं. फॉरेक्स कार्डात कितीही डॉलर भरलेले असले तरी ते चालत नाही, कारण गाडी परत केल्यानंतर आलेला दंड किंवा दुरुस्तीचा खर्च प्रीपेड कार्डावरून वसूल होण्याची त्यांना खात्री नसते. डेबिट कार्डही बहुतेक काउंटरवर नाकारतात.

दुसऱ्या अटीत जास्त लोक अडकतात. कार्डावर छापलेलं नाव आणि मुख्य चालकाच्या लायसन्सवरचं नाव एकच हवं. गाडी मुलगा चालवणार आणि कार्ड वडिलांचं, असं असेल तर गाडी मिळत नाही. वडिलांच्याच खात्यावरचं पण मुलाच्या नावाने छापलेलं ॲड-ऑन कार्ड मात्र चालतं, कारण काउंटरवर नाव पाहतात, खातं नाही. कार्ड हातात हवं, मोबाइलमधलं नको.

तिसरी गोष्ट बँकेच्या ॲपमध्ये आहे. भारतीय कार्डांवर परदेशातला वापर वेगळा चालू करावा लागतो. त्यातही ऑनलाइन वापर आणि दुकानातल्या मशीनवरचा वापर यांची बटणं वेगळी असतात, आणि परदेशी खर्चाची मर्यादाही वेगळी ठरवावी लागते. कार्डाची एकूण मर्यादा तीन लाख असते, परदेशी वापराची मात्र पन्नास हजारांवर ठेवलेली असते, आणि मशीन कारण न सांगता नकार देतं. निघण्याआधी हे आकडे उघडून पाहा. कार्डाचा पिन आठवतोय ना, तेही पाहा, कारण तिथल्या मशीनवर तो विचारला जाऊ शकतो. बँकेचे एसएमएस परदेशात मिळतील अशी सोय मोबाइलवर करून ठेवा. अनामत अडकली की तेवढी मर्यादा गाडी परत करेपर्यंत, आणि कधी त्यानंतरही काही दिवस, वापरता येत नाही. म्हणून हॉटेलसाठी दुसरं कार्ड वेगळं ठेवा.

आमचा दर जास्त का दिसतो

वेबसाइटवर दिवसाला अगदी नगण्य भाडं दिसतं आणि आमच्या कोटेशनमध्ये त्याच गाडीचं भाडं बरंच जास्त असतं, अशी तक्रार येते. फरक विम्याचा आहे. दुसऱ्याच्या गाडीचं किंवा जिवाचं नुकसान भरून देणारा विमा मेक्सिकोत आवश्यक आहे आणि स्वस्त ऑनलाइन दरात तो बहुधा धरलेला नसतो. काउंटरवर तो जोडला की 'स्वस्त' गाडी आमच्या दराला येऊन पोचते, कधी पुढेही जाते. आम्ही तो आधीच धरतो, शिवाय भाड्याच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही. हा दुसरा विमा नाकारला तर अनामत कित्येक पटींनी वाढते आणि मग वर सांगितलेली मर्यादा पुरत नाही. मात्र साध्या विम्यात टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बहुतेकदा येत नाही. ते का महत्त्वाचं, हे पुढे तोपेंबद्दल, म्हणजे तिथल्या गतिरोधकांबद्दल, सांगताना कळेल.

लायसन्स मूळ स्मार्ट कार्ड हवं. त्यासोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. त्याचं शुल्क १,००० रुपये आहे आणि तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्सशिवाय त्याला किंमत नाही. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

उतरल्या दिवशी आम्ही गाडी देत नाही. पहिली रात्र विमानतळाजवळ आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, असंच बुकिंग करतो. काहींना हा वाया गेलेला दिवस वाटतो. पण तीसेक तासांचा प्रवास करून आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा रस्त्याच्या उजव्या बाजूने, अंधारात आणि डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर गाडी चालवणं आम्हाला मान्य नाही. तुमचं एका दिवसाचं भाडंही वाचतं.

गाडी घेताना चारही बाजूंनी आणि टपावरून सावकाश व्हिडिओ काढा. स्टेपनी, जॅक आणि पेट्रोलचा काटाही त्यात येऊ द्या. हा व्हिडिओ कर्मचारी समोर असतानाच काढायचा.

एका तासाचा हिशेब

किंताना रो राज्य, म्हणजे कान्कून, प्लाया देल कार्मेन, तुलुम आणि बाकालार, वर्षभर शेजारच्या युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं. चिचेन इत्सा, वायादोलिद, मेरिदा आणि उश्माल युकातानमध्ये येतात. जाताना हा तास फायद्याचा. तुलुमहून सकाळी सहाला निघालात तर सुमारे दोन तास गाडी चालवूनही चिचेन इत्साला तिथल्या घड्याळात सातच वाजलेले असतात. परतताना तोच तास हातातून जातो. वायादोलिदहून चारला निघून दोन तासांत कान्कूनला पोचलात तर तिथे सात वाजलेले असतात. गाडीचं भाडं चोवीस तासांच्या हिशेबाने लागतं, त्यामुळे ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर उशीर झाला की जादा आकारणी होऊ शकते, आणि विमान असेल तर नुकसान त्याहून मोठं. सीमेजवळ मोबाइलही चुकीची वेळ पकडतो. आमच्या प्रवासपत्रिकेत प्रत्येक वेळेपुढे कुठल्या राज्याची वेळ ते लिहिलेलं असतं. तीच धरा.

रस्त्यावर

कान्कून ते मेरिदा दोन रस्ते आहेत. 'कुओता' हा टोलचा रस्ता सरळ आणि मोकळा आहे, वेगमर्यादा ताशी ११० किलोमीटर. 'लिब्रे' हा फुकटचा रस्ता गावागावांतून जातो आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी तोपे असतात. तोपे म्हणजे गतिरोधक, पण आपल्याकडच्यापेक्षा उंच, काही ठिकाणी रंग उडालेले, फलकाशिवायचे. ताशी चाळीसच्या वेगाने एकावर गाडी आपटली तर मार खालच्या भागाला बसतो, आणि तो भाग साध्या विम्यात येत नाही. लिब्रेने दिवसाउजेडी जरूर जा, गावं पाहण्यासारखी आहेत. अंधार पडल्यावर कुठल्याच रस्त्याने नको.

टोलसाठी रोख पेसो ठेवा. कुओतावर पेट्रोलपंप फार थोडे आहेत, म्हणून चढण्याआधी टाकी भरा. पंपावर कर्मचारी पेट्रोल भरून देतो. हिरवं 'माग्ना' साध्या गाडीला पुरतं. मीटर शून्यावर आहे हे पाहून मगच 'येनो', म्हणजे फुल टँक, असं सांगा. पाच-दहा पेसो टिप देण्याची रीत आहे.

पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर त्याचे दोन अर्थ होतात: 'ओव्हरटेक करा' किंवा 'मी डावीकडे वळतोय'. फाटा जवळ असेल तर दुसराच अर्थ धरून मागे राहा.

भग्नावशेष कोणत्या क्रमाने

चिचेन इत्सा सकाळी आठला उघडतं. कान्कूनच्या बसगाड्या साडेदहा-अकराच्या सुमारास येतात आणि त्यानंतर सावली शोधावी लागते. म्हणून आदली रात्र आम्ही वायादोलिदला ठेवतो, तिथून अंतर सुमारे ४५ किलोमीटर. प्रवेशाचे दोन भाग भरावे लागतात, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. तिकीट दोनदा घेतलं म्हणून फसवणूक झाली असं समजू नका. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असल्याने गर्दी फार होते. पिरॅमिडवर चढू देत नाहीत. चारही बाजूंच्या प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक मिळून ३६५ होतात, हा हिशेब खालूनच करायचा. ड्रोन नेऊ नका.

वेळ कमी असेल तर आमच्या मते तुलुममधली एक रात्र कमी करून ती मेरिदाला द्यावी आणि उश्माल हे माया भग्नावशेषांचं ठिकाण पाहावं. मेरिदाहून ते सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि गर्दी बरीच कमी. उश्मालच्या आणि जवळच्या काबाहच्या भिंतींवर लांब, वळलेल्या नाकाचे मुखवटे दिसतात, ते पर्जन्यदेव चाकचे मानले जातात. ते इतके का, याचं उत्तर जमिनीत आहे. पूकच्या या टेकड्यांमध्ये सेनोटे जवळजवळ नाहीत, त्यामुळे सगळा भरवसा पावसावर. लोक बाटलीच्या आकाराची भूमिगत टाकी खोदून पाणी साठवत, तिला 'चुल्तुन' म्हणतात. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरची खोदीव टाकी पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल.

सेनोटे आणि गुहा

युकातान हा चुनखडीचा पठारी प्रदेश. पावसाचं पाणी वर थांबत नाही, झिरपून खाली जातं, म्हणून उत्तर युकातानमध्ये जमिनीवर नद्या दिसत नाहीत. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना गुहा कोरड्या होत्या, तेव्हा छतापासून चुन्याचे झुंबर तयार झाले. पुढे पाणी चढलं आणि ते बुडाले. जिथे छत कोसळलं, तिथे सेनोटे उघडं पडलं.

याच कारणाने सनस्क्रीन आणि डास पळवणारं मलम लावून पाण्यात उतरू देत नाहीत. तेच पाणी खालून पुढे विहिरींपर्यंत आणि समुद्रापर्यंत जातं. उतरण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो. उन्हापासून बचावासाठी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट न्या, पायांत रबरी बूट घाला. पाणी वर्षभर साधारण २४ ते २५ अंश असतं, लहान मुलं अर्ध्या तासात कुडकुडतात. लाइफ जॅकेट मागून घ्या, कारण काही सेनोट्यांत काठापासूनच पाणी खोल असतं. गावकऱ्यांच्या सेनोट्यांवर रोखच चालते. कोरड्या गुहांपैकी काही मधूनमधून बंद असतात, म्हणून त्या आम्ही पक्क्या कार्यक्रमात धरत नाही, आठवडाभर आधी चौकशी करून कळवतो.

किनारा

उन्हाळ्यात, साधारण एप्रिल ते ऑगस्ट, तुलुम आणि प्लायाच्या किनाऱ्यावर सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने येतं आणि कुजलं की वास मारतं. हॉटेल ते उचलतात, पण रोज नवं येतं. या महिन्यांत जायचं असेल तर गल्फच्या बाजूचं प्रोग्रेसो किंवा बाकालारचं गोड्या पाण्याचं सरोवर निवडा. बाकालारमध्ये काठाचे गोल दगडासारखे गोळे खडक नसून सूक्ष्मजीवांनी बांधलेली जिवंत रचना आहे, त्यावर पाय देऊ नका. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो. त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर आम्ही टाळायला सांगतो.

शाकाहारी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं: 'सिन कार्ने', म्हणजे 'मांस नको', म्हटलं तरी ताटात कोंबडी येऊ शकते, आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. 'सिन पोयो, सिन मान्तेका' हेही सांगा. स्पॅनिशमधली अशी वाक्यं छापलेलं छोटं कार्ड आम्ही प्रत्येक बुकिंगसोबत देतो.

बुकिंग करताना आम्हाला प्रवासाच्या तारखा, चालवणाऱ्याच्या लायसन्सची प्रत आणि त्याच्या क्रेडिट कार्डाच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवा. फोटोत कार्डाचा नंबर आणि मुदत झाकलेली असू द्या, आम्हाला फक्त नाव आणि कार्डाचा प्रकार पाहायचा असतो. हे निघण्याच्या महिनाभर आधी आलं तर बँकेकडून मर्यादा वाढवून घ्यायला तुम्हाला पुरेसा वेळ मिळतो.