इंजिन माउंट (जुन्या, वाढीव ताकदीच्या पिकअपसाठी)

इंजिन माउंट : इंजिन चासीवर बसवण्यासाठी मधे घातलेला, पोलाद आणि रबर एकजीव करून घडवलेला भाग. महाराष्ट्रातल्या गॅरेजांत याला ‘फाउंडेशन’ किंवा ‘माउंटिंग’ म्हणतात. त्याच्याकडे दोन कामे असतात : इंजिनाला जागेवर धरून ठेवणे आणि त्याची थरथर केबिनपर्यंत पोचू न देणे. ही दोन्ही कामे एकमेकांच्या विरोधात जातात आणि माउंट निवडताना सगळा पेच इथेच पडतो. अमेरिकेत 1960 आणि 70 च्या दशकांतल्या पिकअपमध्ये मुळापेक्षा दणकट इंजिन बसवण्याची मोठी हौस आहे, तिथे तर हा पेच हमखास समोर येतो.

रबरावर इंजिन टांगण्याची कल्पना जुनी आहे. 1931 च्या प्लिमथ मोटारीत क्रायस्लर कंपनीने ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने ती गाजवली आणि चार सिलिंडरचे इंजिनही प्रवाशांना मऊ वाटू लागले. पुढे पिकअपमध्ये रबरी माउंटांची अशी रचना रुळली : ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या) डाव्या-उजव्या बाजूला एकेक माउंट आणि मागे गिअरबॉक्सखाली तिसरा.

माउंटवर खरा भार वजनाचा नसतो, पिळाचा असतो. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने ब्लॉक वळू पाहतो. अमेरिकी व्ही-8 (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडरच्या) इंजिनांत पुढच्या गिअरमध्ये जोर दिला की डावी बाजू उचलली जाते, उजवी दबते. रिव्हर्समध्ये याच्या उलट. शेव्हरोले सी-10 या पिकअपचे उदाहरण घेऊ. 1968 पासून तिच्यात 396 घनइंची (6.5 लिटर) इंजिन मिळू लागले. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, 500 न्यूटन-मीटर धरू. टर्बो 400 ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर तो 2.48 पट करतो, आणि गाडी जागेवरून सुटताना टॉर्क कन्व्हर्टर हा टॉर्क साधारण दुप्पट करतो. म्हणजे पिळ झाला जवळजवळ 2,500 न्यूटन-मीटर. दोन माउंटांत अर्धा मीटर अंतर मानले आणि मागच्या माउंटचा वाटा सोडून दिला, तर डाव्या माउंटला वर ओढणारे बल 500 किलोच्या वजनाइतके होते. त्या माउंटवर इंजिनाचे वजन जेमतेम शंभर-सव्वाशे किलो. म्हणजे ज्या रबरावर इंजिन ठेवले आहे असे आपण समजतो, ते रबर प्रत्यक्षात ओढले, ताणले जात असते. दाब सोसण्यात रबर पटाईत असते. सतत ताणले की मात्र पोलादाशी असलेला त्याचा सांधा सुटू लागतो, आणि वरच्या व्हॉल्व्ह कव्हरमधून झिरपणारे ऑइल व शेजारच्या एक्झॉस्टची धग त्या कामाला हातभार लावतात.

हे तुटणे किती महागात पडू शकते ते 1971 च्या डिसेंबरमध्ये दिसले. जनरल मोटर्सने सुमारे 67 लाख शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या. त्यांत हलके ट्रकही होते. डावा माउंट तुटला की इंजिन उचलले जाई, त्याबरोबर अॅक्सिलरेटरची जोडणी ओढली जाऊन थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) उघडत असे. थ्रॉटल उघडल्यामुळे पिळ वाढे आणि वाढलेला पिळ इंजिनाला वरच धरून ठेवी. चालकाने पाय काढला तरी गाडी धावतच राही. उपाय म्हणून कंपनीने इंजिन फार उचलले जाऊ नये यासाठी पोलादी तारेचा अटकाव बसवून दिला. नंतरच्या माउंटांत पोलादी पत्रे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे रबर फाटले तरी इंजिन सुटत नाही.

माझ्या मते ‘मजबूत माउंट’ या शब्दांचा पहिला अर्थ हाच : रबर गेल्यावरही इंजिन धरून ठेवणारा. बाजारात मात्र मजबुती म्हणजे कडकपणा, असा समज पक्का बसला आहे. रबराचा कडकपणा शोअर ए मापात मोजतात; आकडा मोठा तितके रबर कडक. मूळ रबर साधारण 50 ते 60 चे असते, तर पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचे) माउंट बहुधा 80 च्या पुढे. पॉलियुरेथेनला ऑइल बाधत नाही आणि ते कमी दबते. पण व्ही-8 इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात चार स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन संथ चालते (आयडल), तेव्हा मिनिटाला 600 फेऱ्यांना सेकंदाला 40 धक्के. माउंट जितका कडक, तितकी त्यावर बसलेल्या इंजिनाची स्वाभाविक कंपनसंख्या या चाळिसाच्या जवळ सरकते, थरथर वाढते, आणि सिग्नलला उभ्या गाडीत आरसा धूसर दिसू लागतो, स्टिअरिंग हाताला झिणझिण्या आणते. डिझेल पिकअपमध्ये हा त्रास जास्त जाणवतो. 1989 पासून डॉज रॅममध्ये आलेल्या 5.9 लिटर कमिन्स इंजिनाचे वजनच अर्ध्या टनाच्या आसपास आहे.

पोलादाचे वा अॅल्युमिनियमचे भरीव माउंट शर्यतीच्या गाडीसाठी ठीक. रस्त्यावरच्या पिकअपसाठी ते घेऊ नयेत, कारण पिकअपची शिडीसारखी चासी खड्ड्यांत स्वतः पिळली जाते. पुढे दोन्ही माउंट भरीव आणि मागचाही भरीव असेल, तर चासीचा तो पिळ थेट ब्लॉकच्या कानांवर आणि गिअरबॉक्सच्या कवचावर येतो; कवचाला तडे जातात. म्हणून पुढे भरीव माउंट असलेच, तर मागे रबर किंवा पॉलियुरेथेन ठेवतात. जुन्या शर्यतबाजांचा स्वस्त तोडगा आजही चालतो : डाव्या बाजूला ब्लॉक आणि चासी यांच्यात साखळीचा तुकडा, किंचित ढिला. रोजच्या वापरात साखळी कामच करत नाही. इंजिन उसळले तरच ताणली जाते. रोज चालवायच्या, बेताने ताकद वाढवलेल्या गाडीला एकमेकांत अडकणारे नवे रबरी माउंट आणि ही साखळी पुरेशी होते. ऑइल गळणाऱ्या किंवा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला त्याच अडकणाऱ्या रचनेचे पॉलियुरेथेन घ्यावे.

माउंट मागवण्याआधी जुना तपासलाच पाहिजे. मूळ माउंट दुबळा होता असे ज्याबद्दल म्हणतात, तो पुष्कळदा आधीच फाटलेला असतो. रेडिएटरच्या श्राउडवर (पंख्याभोवतीच्या कवचावर) पंख्याची गोल घासलेली रेघ, पहिल्या गिअरला येणारा ‘धप्प’ आवाज, क्लचचे अडकणे, या त्याच्या खुणा. अडकण्याचे कारण असे की मॅन्युअल गाड्यांत क्लचचा आडवा दांडा एका टोकाने ब्लॉकला आणि दुसऱ्या टोकाने चासीला धरलेला असतो. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून, ब्लॉक आणि चासीच्या मधे टॉमी (पोलादी पहार) घालून डावी बाजू वर उचलावी. रबर आणि पत्र्यामध्ये काळी फट उघडली आणि तिच्या कडा ऑइलने चकाकत असल्या, तर तो माउंट संपला.

माउंट नेहमी जोडीने बदलतात, मागच्यासकट. एकच बदलला तर इंजिन एका बाजूला कलते. जनरल मोटर्सचे नव्या पिढीचे एलएस इंजिन जुन्या चासीत बसवताना जोडपट्ट्या लागतात, कारण जुन्या ब्लॉकवर माउंटसाठी तीन बोल्टची जागा असते आणि एलएसवर चारची. बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावून, इंजिन स्वतःच्या वजनाने खाली बसू द्यायचे आणि मगच आवळायचे. जॅकवर टांगलेल्या अवस्थेत आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेले राहते. शेवटी पंखा हाताने फिरवून श्राउडचे अंतर, आणि एक्झॉस्टपासून स्टिअरिंग बॉक्सपर्यंतची फट पाहावी, कारण माउंटची उंची थोडी जरी बदलली तरी या दोन्ही जागा बदलतात.