सीआयएफ म्हणजे माल पोचेपर्यंत रिस्क सप्लायरची? नाही हो

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्यातल्या कारखान्यांचे परचेसवाले वर्षानुवर्षं सांगत आलेत की परदेशातून माल मागवताना सीआयएफ न्हावाशेवा रेट (म्हणजे मालाची किंमत, विमा आणि न्हावाशेवा बंदरापर्यंतचं भाडं धरून) घेतला की माल बंदरात उतरेपर्यंत रिस्क सप्लायरची, आपण निवांत. चूक आहे भाऊ हे. सप्लायर भाडं आणि विमा भरतो खरं, पण तिकडे शांघायला माल जहाजावर चढला की रिस्क आपली, मधे काही झालं तर क्लेमसाठी आपणच धावायचं. आणि वेगळं ठरलं नसेल तर विमाही कमीत कमीच, क्लॉज सी (माल-विम्याच्या ए, बी, सी अटींतली सगळ्यात कमी कव्हरची), त्यात चोरी कव्हर नाही, समुद्राचं पाणी आत शिरलं तरी नाही! म्हणून पीओतच, म्हणजे खरेदी ऑर्डरमध्येच, क्लॉज ए (सगळ्यात जास्त कव्हरची अट) लिहून घ्या. कंटेनर असेल तर सरळ सीआयपी नागपूर (नागपूरपर्यंतचं भाडं आणि विमा सप्लायरचा) मागा, इन्कोटर्म्स २०२० (सीआयएफ, सीआयपी अशा व्यापार-अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) नुसार त्यात क्लॉज एचा विमा सप्लायरलाच काढावा लागतो, तोही रेल्वेने नागपूरला पोचेपर्यंतचा.