शाळेचे मैदान की शहराचे? न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या व्यवस्थेची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमध्ये अडीचशेहून जास्त मैदाने अशी आहेत, की त्यांच्या फाटकावर उद्यान विभागाचे हिरवे पान रंगवलेले असते आणि आतल्या बाजूला शाळेचे दार उघडते. सरकारी कागदांत त्यांना ‘जॉइंटली ऑपरेटेड प्लेग्राउंड’, म्हणजे दोघांनी मिळून चालवलेले मैदान, म्हणतात, बोलताना नुसते जेओपी. शाळा भरलेली असेल तेव्हा विद्यार्थ्यांचे, सुटली की मोहल्ल्याचे. ईस्ट हार्लेममधल्या अशाच एका मैदानावरून २०१७ साली जो वाद पेटला, तो नीट समजायचा तर १९३८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जे ठरवायचे राहून गेले, ते ऐंशी वर्षांनी महागात पडले.

त्याच्याही आधीची चाळीसेक वर्षे थोडक्यात. लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या वस्तीत मुले रस्त्यावर खेळत आणि घोडागाड्यांखाली सापडत. १८९५ च्या कायद्याने शहरातल्या प्रत्येक नव्या शाळेला मोकळे मैदान हवे असे बंधन घातले. पण त्या भागात जमीन होती कुठे? मग शाळेच्या गच्चीला जाळी मारून तिथेच मैदान केले गेले आणि उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीवर बँड वाजू लागला. १९०३ मध्ये सीवर्ड पार्कचे मैदान उघडले. एखाद्या अमेरिकन शहराने स्वतः बांधलेले ते पहिले कायमस्वरूपी क्रीडांगण मानले जाते. म्हणजे मुलांच्या खेळाची काळजी दोन खाती वाहत होती, शिक्षण मंडळ आपल्या आवारात आणि उद्यान विभाग आपल्या जागेत. एकमेकांच्या हद्दीत मात्र कोणी पाऊल टाकत नसे.

१९३४ मध्ये शहराच्या पाचही बरोंचा (विभागांचा) उद्यान कारभार एका आयुक्ताच्या हाती आला. तेव्हा शहरात ११९ क्रीडांगणे होती, १९६० मध्ये तो आयुक्त पायउतार झाला तेव्हा ७७७. मंदीच्या काळात बेकारांना काम देण्यासाठी आलेला केंद्राचा पैसा आणि मजूर यांच्या जोरावर हे झाले. मजूर होते, आराखडे होते, पैसा होता, अडत होते ते जमिनीवर. शिक्षण मंडळाची अडचण नेमकी उलटी होती. शाळांलगत मोकळे तुकडे पडून होते, पण ते बांधायला आणि राखायला ना माणसे होती ना पैसा. १९३८ मध्ये दोघांचे जमले. मंडळाने शाळेशेजारची जमीन द्यायची, उद्यान विभागाने तिथे मैदान बांधायचे आणि सांभाळायचे. शाळेच्या वेळात मुलांनी वापरायचे, बाकी वेळ सर्वांसाठी खुले ठेवायचे.

एवढ्या साध्या मांडणीवर शेकडो मैदाने उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांची संख्या वाढली, नव्या शाळा निघाल्या, तशी त्यांच्या कडेला जेओपीही आली. त्यांचा साचा आजही ओळखू येतो. सगळीकडे डांबर, भोवती उंच जाळी, बास्केटबॉलचे दोन खांब, उन्हाळ्यात भिजायला पाण्याचा फवारा आणि मधोमध हँडबॉलची काँक्रीटची भिंत. तळहाताने चेंडू भिंतीवर मारायचा हा खेळ न्यूयॉर्कच्या गल्ल्यांचा जीव की प्राण आहे. डांबरावर कुठे कुठे अमेरिकेचा रंगीत नकाशा काढलेला असतो, राज्य ओलांडत लंगडी घालण्यासाठी. ही मैदाने सगळ्यांना सारखी मिळाली नाहीत, हेही इथेच नोंदवायला हवे. हार्लेमसारख्या कृष्णवर्णीय वस्त्यांच्या वाट्याला त्यातली फार कमी आली आणि ही तक्रार त्या काळातही होत होती.

१९७५ मध्ये शहर दिवाळखोरीच्या काठावर आले आणि उद्यान विभागाच्या देखभालीला कात्री लागली. एकट्या विभागाच्या बागांचीही दैना झाली, पण जेओपीचे हाल जास्त झाले. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. फुटलेल्या काचा कोणी वेचायच्या, मोडलेला झोपाळा कोणी काढायचा, फाटकाला कुलूप कोणी लावायचे, प्रत्येक प्रश्नावर एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवी. शाळांची स्वतःची आवारे, म्हणजे या करारात नसलेली, तीही आक्रसत होती. क्वीन्समध्ये पटसंख्या फुगली तेव्हा खेळायच्या जागेवर ट्रेलर आणून ठेवले आणि त्यात वर्ग भरवले. नाव ‘तात्पुरते वर्ग’, पण त्यात शिकणाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या.

२००२ मध्ये शाळांचा कारभार थेट महापौरांच्या हाताखाली आला. शिक्षणाच्या चर्चेत हा बदल परीक्षा आणि मुख्याध्यापक यांच्या संदर्भात मोजला जातो, पण मैदानांच्या दृष्टीनेही तो निर्णायक ठरला. दोन्ही खाती एकाच दारात हिशेब द्यायला बांधली गेल्यावर, १९३८ मध्ये जे दोन स्वतंत्र संस्थांनी वाटाघाटी करून केले, ते आता एका आदेशाने होऊ शकत होते. एप्रिल २००७ मध्ये शहराचा दीर्घकालीन आराखडा आला. प्रत्येक रहिवाशाला दहा मिनिटांच्या चालीवर बाग किंवा मैदान, असे त्यात उद्दिष्ट होते. नवी जमीन घेऊन ते गाठणे अशक्य होते. म्हणून संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुटीत कुलूपबंद राहणारी शाळांची २९० आवारे निवडली गेली. त्यातली ६९ होती तशीच उघडण्याजोगी होती, उरलेल्या २२१ ठिकाणी आधी काम करावे लागणार होते.

हे काम कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने अनेक शाळांत आराखडा विद्यार्थ्यांकडूनच करून घेतला गेला. मुले टेप घेऊन आवार मोजत, कोणाला काय हवे याचे मत घेत, आणि वास्तुरचनाकार त्यांना सांगे की धावपट्टी हवी तर झाडांच्या दोन रांगा सोडाव्या लागतील. पुढे यात सांडपाणी खात्याचा पैसा आला. जोराच्या पावसात या शहरात पावसाचे आणि मैल्याचे पाणी एकाच नळातून नदीत जाते. डांबर उखडून खाली खडीचा जाड थर आणि वर कृत्रिम गवत घातले, तर तेवढे पाणी जागीच मुरते. २०१० नंतर शाळांच्या आवारांना निधी मिळण्याचे हे एक भक्कम कारण झाले.

२००७ ची आवारे आणि १९३८ ची जेओपी मात्र एक नव्हेत. नव्या योजनेत जमीन शाळेची, किल्ली शाळेची, आणि वेळेबाहेर उघडायचे तर शाळेच्या शिपायाच्या जादा वेळेचे पैसे मोजायचे. पालिकेची शाळा भाड्याने घेऊन ज्यांनी रविवारची मराठी शाळा किंवा मंडळाचा गणपती भरवला आहे, त्यांना शिपायाच्या जादा वेळेचा हिशेब पाठ असतो. तोच हिशेब इथे शहर स्वतःच्या तिजोरीतून देते. जेओपीत हा प्रश्न येत नाही, तिथे मैदान मुळात उद्यान विभागाचे असल्यासारखे चालते. या ‘असल्यासारखे’मध्येच पुढची सगळी भांडणे दडलेली होती.

जमिनीची मालकी कागदोपत्री शहराचीच. पण शहराच्या आत ताबा कोणाचा? काही जेओपी उद्यान विभागाच्या ताब्यात आहेत, काही शिक्षण खात्याच्या, काही दोघांत वाटलेली. लोकांच्या लेखी ती सगळी ‘पार्क’. न्यूयॉर्क राज्यात हा शब्द फार वजनदार आहे. एखादी जागा पार्क ठरली की ती लोकांसाठी विश्वस्त म्हणून धरलेली मानली जाते, आणि राज्य विधिमंडळाच्या संमतीशिवाय शहराला ती दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. २००१ मध्ये ब्रॉन्क्समधल्या व्हॅन कॉर्टलँड पार्कखाली पाणी शुद्धीकरण केंद्र बांधण्याच्या प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने हे ठासून सांगितले होते. २०१५ मध्ये त्याच न्यायपीठाने दुसरी बाजू आखून दिली. एका विद्यापीठाच्या विस्ताराच्या आड येणारे जमिनीचे काही तुकडे वर्षानुवर्षे बागा म्हणून वापरात होते, पण शहराने कागदोपत्री ते तात्पुरते म्हणूनच उद्यान विभागाकडे दिले होते. नुसत्या वापराने पार्क होत नाही, जागा कायमची पार्क करण्याचा शहराचा इरादा निःसंदिग्ध दिसला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

या दोन निकालांच्या मधल्या पट्ट्यात ‘मार्क्स ब्रदर्स प्लेग्राउंड’ सापडले. ९६ व्या आणि ९७ व्या रस्त्यांच्या मध्ये, सेकंड अॅव्हेन्यूवर, १९४७ पासून चालत आलेले हे जेओपी. नाव जवळच लहानाचे मोठे झालेल्या विनोदी नट भावांचे. शेजारी तांत्रिक शिक्षणाची शाळा. सेकंड अॅव्हेन्यूखालच्या भुयारी रेल्वेच्या कामासाठी मैदानाचा बराच भाग कित्येक वर्षे ठेकेदारांच्या सामानाखाली गेला. १ जानेवारी २०१७ ला ती रेल्वे सुरू झाली आणि ९६ व्या रस्त्यावर स्थानक आले. जमिनीचा भाव काय झाला असेल हे सांगायला नको.

त्याच वर्षी प्रस्ताव आला. या ब्लॉकवर ६८ मजल्यांचा निवासी मनोरा, त्यात सुमारे तीस टक्के घरे कमी भाड्याची, तीन शाळांसाठी नव्या इमारती, आणि मैदान त्याच ब्लॉकमध्ये सरकवून तेवढ्याच क्षेत्रात पुन्हा उभारायचे. शाळेच्या जमिनीवर खासगी इमारत उठवून तिच्या उत्पन्नातून शाळा बांधणारी एक सरकारी संस्था न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकापासून आहे, हा तिचाच प्रकल्प. वस्तीला शाळा हव्या होत्या, घरेही हवी होती. विरोधकांना बड्या वस्तीतले आपमतलबी म्हणून बाजूला सारणे सोपे होते आणि तसे सारलेही गेले.

खरा मुद्दा मुंबई-पुण्याच्या वाचकाला चटकन कळेल, कारण तो एफएसआयचा, म्हणजे एका जमिनीवर किती बांधता येते याचा आहे. न्यूयॉर्कच्या नियमांत सार्वजनिक पार्कला बांधकामाचे हक्क नसतात, त्यामुळे पार्कच्या जमिनीचा चटईक्षेत्र निर्देशांक शेजारच्या इमारतीला चढवता येत नाही. शाळेच्या आवाराला तो असतो. मार्क्स ब्रदर्स मैदान पार्क धरले तर मनोऱ्याची उंची कोसळते, शाळेचे आवार धरले तर ६८ मजले बसतात. शहराने सांगितले की हे जेओपी आहे, पार्क नव्हे. पण मग त्याच शहराने २०१७ च्या उन्हाळ्यात राज्य विधिमंडळाकडून संमतीचे विधेयक का मंजूर करून घेतले? ती संमती पार्कसाठीच लागते. पुढे कटकट नको म्हणून खबरदारी घेतली, असे उत्तर मिळाले. एकाच जमिनीला एका टेबलावर पार्क आणि दुसऱ्या टेबलावर शाळेचे आवार म्हणणे हे मला कधीच पटले नाही, आणि त्या वर्षीच्या बातम्या वाचताना इतर अनेकांनाही ते खटकल्याचे दिसते.

ऑगस्ट २०१७ मध्ये नगरपरिषदेने प्रस्ताव मंजूर केला. डिसेंबरमध्ये राज्यपालांनी विधेयकावर सही केली, पण सोबत शेरा जोडला की ही जागा मुळात पार्क आहे की नाही हे राज्याने तपासावे. नागरी संस्था न्यायालयात गेल्या. त्यांची भीती एका मैदानापुरती नव्हती. शहराचा युक्तिवाद मान्य झाला, तर ज्या ज्या जेओपीचा ताबा संदिग्ध आहे, त्या प्रत्येकावरचा हवेतला हक्क विकता येईल. मैदान डांबराचेच राहील, फवाराही राहील, फक्त त्याच्या डोक्यावरचे आकाश शेजारच्या मनोऱ्याच्या खात्यावर जमा होईल. प्रकल्पाच्या बाजूचे विचारत की मैदान तेवढेच परत मिळते आहे, वर शाळा मिळत आहेत, मग नुकसान कोणाचे? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण बांधकामाच्या वर्षांत जी मुले त्या वस्तीत वाढतात, त्यांना नंतर परत मिळालेल्या मैदानाचा उपयोग नसतो. आणि या मैदानापासून तर रेल्वेच्या कामातच एक पिढी आधी वंचित राहिली होती.

या भांडणात एक बाजू झाकली जाते, ती म्हणजे देवाणघेवाण उलट्या दिशेनेही चालते. शाळांना उद्यान विभागाच्या जागा लागतात. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांच्या क्रीडा संघटनेने क्रिकेटला अधिकृत आंतरशालेय खेळ केले. देशातल्या सरकारी शाळांत असे पहिल्यांदाच झाले. क्वीन्स आणि ब्रुकलिनमधल्या गयाना, जमैका, बांगलादेश, पाकिस्तान आणि भारतातून आलेल्या कुटुंबांची मुले संघांत होती. पण क्रिकेटचे मैदान मावेल एवढे आवार या शहरातल्या शाळांकडे कुठून असणार? सामने शहराच्या बागांतल्या मोठ्या मैदानांवर होतात, परवाना काढून, प्रौढांच्या लीग, बेसबॉल आणि फुटबॉल यांच्या वेळा सांभाळून. सरावाला मात्र पुष्कळदा शाळेजवळचे डांबरी आवारच असते. टेप लावलेला टेनिसचा चेंडू, हँडबॉलची भिंत हाच यष्टिरक्षक आणि स्टंप म्हणून कचऱ्याचा डबा.

एखाद्या जेओपीचे खरे स्थान काय, हे आजही एका जागी लिहिलेले मिळत नाही. शहराच्या अधिकृत नकाशावर ते पार्क म्हणून दाखवले आहे का, जमीन संपादित करताना ठरावात कोणता हेतू नोंदवला होता, ताबा कोणत्या खात्याकडे सोपवला, नूतनीकरणाला पैसा कोणी दिला आणि कोणत्या अटीवर, हे दरेक मैदानासाठी वेगळे शोधावे लागते. ही सगळी मैदाने एकदाच राज्याच्या कायद्याने पार्क म्हणून जाहीर करावीत, अशी मागणी मार्क्स ब्रदर्सच्या वादानंतर नागरी संस्थांनी लावून धरली. तसे झाले तर शाळेला वाढीव इमारतीसाठी स्वतःच्याच शेजारची जमीन वापरायला राज्य विधिमंडळाच्या दारात जावे लागेल, हा शिक्षण खात्याच्या बाजूचा आक्षेप. तरीही ते दार आधी ठोठवावे लागणे मला रास्त वाटते.