निवृत्त प्रवासी विमाने
निवृत्त प्रवासी विमाने : प्रवासी सेवेतून कायमची काढलेली विमाने आणि त्यांची साठवण, रूपांतर व मोडणी. विमान वयाने म्हातारे होते हा समज पुरता खरा नाही. वर्षांपेक्षा उड्डाणांची संख्या महत्त्वाची. प्रत्येक उड्डाणात धडामध्ये हवेचा दाब भरला जातो व उतरताना सोडला जातो. या ताणाने पत्र्याला शिणवटा येतो आणि रिव्हेटांच्या छिद्रांपाशी तडे जातात. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे पुढच्या भागातील छप्पर हवेतच उडाले. ते अवघे १९ वर्षांचे होते. पण हवाई बेटांमधील आखूड फेऱ्यांमुळे त्याची उड्डाणे ८९,६८० झाली होती. अर्थात बहुतेक विमाने इतकी शिणण्याआधीच, इंधन व दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला की सेवेतून जातात. काहींच्या खिडक्या बुजवून, जमीन बळकट करून व बाजूला मोठे दार कापून ती मालवाहू केली जातात.

उरलेल्यांचा मुक्काम वाळवंटात. या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याबाबत एकमत नाही. काहींच्या मते तो दुसऱ्या महायुद्धानंतर ॲरिझोनातील किंगमन येथे झाला; तेथे हजारो लष्करी विमाने वितळवून ॲल्युमिनियमच्या लाद्या पाडण्यात आल्या. परंतु ती निव्वळ भंगार-विल्हेवाट होती. विमान जपून ठेवणे, गरजेनुसार त्याचे भाग काढणे आणि प्रसंगी तेच पुन्हा उडवणे ही आजची पद्धत टूसॉनजवळील डेव्हिस-मंथन हवाई तळावर १९४६ च्या सुमारास रूढ झाली. म्हणून आरंभ येथे मानणारे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. हा तळ लष्करी आहे. नागरी तळांनी (ॲरिझोनातील पिनाल, कॅलिफोर्नियातील मोहावी व व्हिक्टरव्हिल) त्याचेच अनुकरण केले असावे. कोरड्या हवेत गंज मंदावतो. शिवाय टूसॉनच्या जमिनीखाली कॅलिची नावाचा चुनखडीयुक्त कठीण थर असल्याने फरसबंदीशिवाय विमाने उभी करता येतात. स्पेनमधील तेरुएल आणि ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथील तळही कोरड्या हवेसाठीच निवडलेले आहेत.

मोडणीचे अर्थकारण जहाजतोडणीहून निराळे आहे. मुंबईच्या दारूखान्यात जहाजाला भाव येतो तो मुख्यतः पोलादाच्या वजनावर. विमानात धातूचा वाटा सर्वांत किरकोळ. खरी किंमत इंजिने, चाकांचे सांगाडे व विद्युतीय उपकरणे यांची, आणि तीही कागदपत्रांसह. इंजिनातील चकतीसारख्या मर्यादित आयुष्याच्या भागाची पहिल्या दिवसापासूनची अखंड नोंद नसेल, तर तो कितीही चकचकीत असला तरी भंगारच.

उरलेल्या सांगाड्याचे तुकडे करताना मिश्रधातू वेगळे ठेवावे लागतात. धडाच्या पत्र्यातील २०२४ जातीत तांबे, तर बळकट भागांतील ७०७५ जातीत जस्त असते. दोन्ही एकत्र वितळल्यास मिळणारा धातू हलक्या प्रतीचा ठरून पुन्हा विमानासाठी वापरता येत नाही. जुन्या काही जंबो विमानांच्या शेपटीत समतोलासाठी क्षीण युरेनियमची (अणुइंधन वेगळे काढल्यावर उरणारा, किंचित किरणोत्सारी जड धातू) वजने होती. ती स्वतंत्रपणे काढावी लागतात. फ्रान्समधील तार्ब येथे एअरबसने २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘पामेला’ प्रकल्पात एक ए-३०० विमान मोडून त्याच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पुन्हा उपयोगात आणता येतो असे दाखवले गेले. बोइंग ७८७ मध्ये वजनाने निम्मे कार्बनतंतूंचे संमिश्र पदार्थ आहेत. ते वितळवता येत नसल्याने हे प्रमाण त्याला लागू पडेल असे नाही.

क्वचित धड शाबूत राहते. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर एका बोइंग ७४७ चे २००९ मध्ये वसतिगृह झाले. भारतात एअर इंडियाच्या ताफ्यातील अखेरच्या ७४७ विमानांपैकी ‘आग्रा’ने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सोडली, उड्डाणानंतर वैमानिकांनी पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. सुट्या भागांसाठी मोडले जाण्यासाठी ते अमेरिकेकडे निघाले होते.