आयनीकरणानंतर काच चमकत का राहते: थोडी पार्श्वभूमी

इथे काच म्हणजे खिडकीची नाही, ऑरगॅनिक द्रव इतका झटकन गार केलेला की स्फटिक व्हायच्या आतच घट्ट झाला, बहुतेकदा लिक्विड नायट्रोजनमधे, ७७ केल्विनला. त्यावर गॅमा किरण सोडले (त्याने रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात, हेच आयनीकरण), मग सोर्स बंद केला, तरी अंधारात ती कितीतरी वेळ मंद चमकत राहते.

१९४२ मधे लुईस आणि लिपकिन यांनी अशा काचेतल्या रेणूंमधून प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटे करून दाखवले. मग १९५४ मधे लिन्शिट्झ आणि सहकाऱ्यांनी त्यातले अडकलेले इलेक्ट्रॉन ओळखले आणि ते परत आयनाला (इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूला) भेटले की उजेड पडतो हेही सांगितलं. त्याआधीच, १९५२ ला, डिबाय आणि एडवर्ड्स यांनी हा उजेड घातांकी न उतरता साधारण १/t सारखा उतरतो (t म्हणजे वेळ; वेळ दुप्पट झाला की उजेड निम्मा) हे नोंदवलं होतं, आणि पुढची सगळी भांडणं या एका वक्रावरूनच झाली.

एक उत्तर आलं टनेलिंगचं, म्हणजे इलेक्ट्रॉन अडथळा ओलांडायची ऊर्जा नसतानाही त्यातून पार होऊन आयनापर्यंत पोचतो. इलेक्ट्रॉन-आयनच्या जवळच्या जोड्या आधी संपतात, लांबच्या मागून, वेळ दहापट झाला की संपलेल्या जोड्यांमधलं अंतर फक्त एक-दोन अँगस्ट्रॉमने पुढे सरकतो, त्यातून १/t आपोआप निघतो. छानच आहे, पण यात काच स्वतः गप्प बसलीये असं धरलंय, आणि मला वाटतं खरी अडचण तिथेच होती.

कारण काच गप्प बसत नाही! इथेनॉलच्या काचेत ४ केल्विनला अडकलेला इलेक्ट्रॉन इन्फ्रारेड शोषतो, तीच काच ७७ पर्यंत आणली की आजूबाजूचे रेणू त्याच्याकडे वळतात, तो अडकलाय तो ऊर्जेचा खड्डा (ट्रॅप) खोल होतो आणि नमुना जांभळा दिसायला लागतो. म्हणजे ट्रॅपच बदलतोय.

असं संथ, ताणलेलं रिलॅक्सेशन (हळूहळू स्थिरावणं) कोलराउशने १८५४ मधेच लेडन जारच्या, म्हणजे विद्युतभार साठवायच्या जुन्या बरणीच्या, काचेत मोजलं होतं. १९७५ ला शेर आणि मॉन्ट्रोल यांनी विस्कळीत पदार्थातल्या विद्युतभारांच्या वाटचालीचं गणित मांडलं, लगेच हॅमिल आणि फुनाबाशी यांनी ते अडकलेल्या इलेक्ट्रॉनला लावलं, आणि पुढे पोलंडमधे प्वोन्का यांनी वेळेनुसार बदलणाऱ्या रिॲक्शन रेटची भाषा पक्की केली.

अशा काचा करायला वापरलेल्या द्रवांपैकी ३-मिथाइलपेंटेनचं काच-संक्रमण तापमान (ज्याच्या वर काच मऊ होऊन सरकायला लागते) ७७ केल्विनच्या अगदी जवळ, तर मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरानचं ९१ च्या आसपास, म्हणजे एकाच नायट्रोजनमधे ठेवलेले दोन नमुने, पण पहिला जवळजवळ सरकायच्या बेतात आणि दुसरा बराच कडक. म्हणून जुने ग्राफ बघताना मी आधी हेच शोधतो, की नमुना किती वेगाने गार केला आणि किरण सोडायच्या आधी किती वेळ तसाच ठेवला होता.