करवत उलटी का उसळते?

सर्क्युलर सॉच्या, म्हणजे गोल पात्याच्या विजेच्या हातकरवतीच्या पात्यावर, मधल्या भोकाजवळ, दोन गोष्टी छापलेल्या असतात: एक बाण आणि एक आकडा. पातं कुठल्या बाजूला फिरणार ते बाण सांगतो. मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे ते सोसेल, ते आकडा सांगतो. विकत घेताना आपण व्यास बघतो, दात मोजतो, भाव करतो आणि हे दोन्ही वाचायचं राहून जातं. खरं तर या मशीनचा जवळजवळ सगळा धोका या दोनच गोष्टींत आहे, वेग आणि दिशा.

आधी वेग. फर्निचरच्या कामावर दिसणारी सव्वासात इंची मशीन घ्या. पात्याचा व्यास साधारण १८५ मिलिमीटर, मोटर १,२०० ते १,८०० वॉटची, रिकामी फिरताना मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे. साडेपाच हजार धरून गणित केलं तर कडेचा दात सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगानं पळत असतो. पातं असतं जेमतेम पाव किलोचं, पण या वेगाला त्याच्या फिरण्यात सुमारे १७५ ज्यूल ऊर्जा साठलेली असते. मशीनचं वजन चार किलो धरलं, तर तेवढ्या ऊर्जेत अख्खी मशीन साडेचार मीटर वर उचलली जाईल. मोटरच्या आतला फिरता भाग, म्हणजे आर्मेचर, याहूनही जोरात फिरत असतं, त्याची ऊर्जा वेगळीच. पातं लाकडात अचानक अडकलं की ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. ती कुठे जाते, ते दिशा ठरवते.

मशीन उजवीकडे सरकते आहे अशी बाजूनं कल्पना करा. पात्याची पुढची कड लाकडात खालून वर येते. दात लाकडाला वर ढकलतात, म्हणून लाकूड मशीनला खाली ओढून धरतं आणि तिची बैठक फळीवर घट्ट बसते. ही झाली चांगली बाजू. याच कारणानं सनमायका लावलेला बोर्ड कापताना चांगली बाजू खाली ठेवतात. दात वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडतात, तेव्हा तिथले पापुद्रे उडतात आणि खालची कड स्वच्छ राहते. (टेबलावर बसवलेल्या करवतीला हे बरोबर उलटं, तिथे चांगली बाजू वर.) पण पात्याचा तळचा भाग बघा. तिथले दात पुढच्या दिशेनं पळत असतात. ते अडकले, की लाकूड त्यांना तितक्याच जोरानं मागे ढकलतं आणि मागे आपण उभे असतो. मागची कड तर आणखी वाईट. तिथे दात वरून खाली येतात. पातं खाचेत जरा तिरकं झालं आणि मागचे दात फळीच्या वरच्या पृष्ठभागात रुतले, की पातं खाचेतून वर चढतं आणि मशीन उसळून अंगावर येते. यालाच किकबॅक म्हणतात.

आता पातं अडकतं का? दाताची टोकं पात्याच्या पत्र्यापेक्षा दोन्ही अंगांना अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी बाहेर असतात. खाचेत पात्याला मोकळं फिरायला एवढीच जागा. आठ बाय चार फुटी, १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या, वजन ३० किलोच्या वर. तो दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवला आणि बरोबर मधून आडवा कापायला घेतला, तर काय होईल? प्लाय मध्यभागी थोडा झोळतो. झोळलेल्या फळीचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. काप जसजसा पुढे जातो, तसतसं दोन अर्ध्या भागांना धरून ठेवणारं लाकूड कमी कमी होत जातं, झोळ वाढतो आणि खाचेचं वरचं तोंड मिटायला लागतं. शेवटच्या चार-सहा इंचांत दोन्ही भाग पात्याला चिमटीत धरतात. सुरुवातीला मशीन इतकी छान चाललेली असते, की कापणाऱ्याला वाटतं आता संपलंच, आणि नेमका तिथे घात होतो.

मशीन आवळून धरणं हा त्यावरचा उपाय नव्हे. डोळ्यांनी काही दिसल्यापासून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हे पातं वीसेक फेरे मारतं. चोवीस दातांचं पातं असेल, तर साडेपाचशे दात एका जागेवरून निघून गेलेले असतात. किकबॅक कळेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. ‘माझा हात बसलेला आहे, मी सांभाळतो’ हे वाक्य साइटवर फार ऐकू येतं आणि अनुभवी मिस्त्रीही ते म्हणतात, पण मज्जातंतूंना अनुभव कळत नाही. जे काही करायचं ते बटण दाबण्याआधी करावं लागतं.

म्हणून आधार. प्लायखाली कापाच्या दोन्ही अंगांना, रेषेपासून वीतभर अंतरावर, एकेक लाकडी पट्टी आणि दोन टोकांना आणखी दोन. चार आधार असले की काप पूर्ण झाल्यावरही दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. किंवा सरळ जमिनीवर थर्माकोलचा दोन इंची जाड तक्ता टाकावा आणि त्यावर प्लाय ठेवून कापावं. पातं थर्माकोलमध्ये थोडं उतरतं, बिघडत काही नाही. बारीक पट्टी कापून काढायची असेल तर मात्र सुटणाऱ्या तुकड्याच्या टोकाला आधार देऊ नये, तो मोकळा पडू द्यावा. मशीनच्या बैठकीचा रुंद भाग, ज्यावर मोटरचा भार असतो, तो फळीच्या न सुटणाऱ्या बाजूवर हवा.

प्लाय निदान सरळमार्गी असतो, अख्खं लाकूड तसं नसतं. झाड वाढताना आणि फळी वाळताना आत ताण राहून जातात, लांबीच्या दिशेनं चिरताना ते सुटतात आणि आधार चोख असूनही खाच आपोआप मिटते. सुतार अशा वेळी थांबून मागच्या खाचेत पाचर बसवतात आणि मग पुढे जातात. जुने वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान वापरायचं असेल, तर आणखी एक काम वाढतं. त्यात तुटलेले खिळे असतात, डोकी गंजून लाकडाच्या रंगाची झालेली. पात्याच्या दातांवरची कार्बाइडची टोकं कठीण असतात आणि म्हणूनच ठिसूळही. खिळ्यावर आपटून तुटलेलं टोक कडेच्याच वेगानं सुटतं. आधी सगळ्या फळीवरून चांगलं लोहचुंबक फिरवायचं, आणि चष्मा लावायचाच.

पातं फळीच्या खाली एका दाताच्या उंचीहून कमीच डोकावेल, एवढीच पात्याची खोली ठेवावी. खाली पातं जितकं कमी डोकावेल तितका कमी भाग घासतो, कमी भाग चिमटीत सापडतो आणि खाली कुणाचं बोट असलंच तर इजाही कमी. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नव्हे, एका अंगाला. मशीन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावायची, आणि मध्ये अडली तर फिरतं पातं मागे ओढायचं नाही. बटण सोडून पातं थांबेपर्यंत तिथेच धरून ठेवायची. मागे ओढताना आपण नेमकी ती मागची, खाली येणारी कड लाकडात रुतवत असतो.

आता गार्ड, म्हणजे पातं झाकणारं कवच. खालचा गार्ड स्प्रिंगवर चालतो. फळीत शिरताना मागे सरकतो, बाहेर पडताना बंद होतो. डिंक आणि भुसा साचून तो अडतो, मग कुणीतरी खिळ्यानं किंवा तारेनं तो उघडाच अडकवून ठेवतं. बटण सोडल्यावर, ब्रेक नसलेल्या मशीनचं पातं काही सेकंद फिरतच राहतं. अशी मशीन जमिनीवर ठेवली, तर पातं फरशीवर टेकून ती स्वतःच चालू लागते, पायाच्या दिशेनंसुद्धा. गार्ड रोज एकदा हातानं उघडून सोडून बघायचा, अर्थात प्लग काढून. टक्कन बंद झाला नाही, तर आधी साफ करायचा.

आपल्याकडचा खरा प्रश्न मात्र सर्क्युलर सॉ नसून मार्बल कटर आहे. फरशी कापायची ही चार इंची मशीन स्वस्त आणि हलकी. तिला लाकडाचं दातेरी पातं लावून प्लाय कापणं इतकं रूढ झालंय, की दुकानात तशी पाती मागितली तरी कुणाला वावगं वाटत नाही. गणित बघा. ११० मिलिमीटरचं पातं, मिनिटाला १३,००० फेरे. कडेचा वेग सेकंदाला ७५ मीटर, ताशी २७०. पातं लहान, पण दात मोठ्या करवतीपेक्षाही जोरात पळतात. फरशीच्या चकतीला दात नसतात, ती घासत जाते आणि हिसका कमी देते, म्हणून या मशीनला स्प्रिंगचा गार्ड दिलेलाच नाही. खालचं अर्धं पातं कायम उघडं. दात असलेलं पातं लावताच किकबॅक आला, आणि तो झेलायला असायला हवी ती व्यवस्था मुळातच नाही. पात्यावरचा आकडा मशीनच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर पातं फुटण्याची भीती वेगळी. स्पष्टच सांगतो, वाचलेले दोन-तीन हजार रुपये बोटापेक्षा महाग नाहीत.

विजेकडे वळू. या मशीनमध्ये असते ती युनिव्हर्सल मोटर, आणि तिचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे: वेग जितका घटेल तितका तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. फिरती मोटर आतून उलटा विद्युतदाब तयार करते आणि त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. पातं अडकून मोटर थांबली की तो उलटा दाब शून्य, प्रवाह कितीतरी पट वाढतो आणि मोटर सगळ्यात जास्त जोर नेमका तेव्हा लावते. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वाचवेल या भरवशावर राहू नये. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या पाच ते दहा पट प्रवाह लागतो, त्याहून कमी असेल तर तो वेळ घेतो.

एक्स्टेंशनचंही तसंच. अर्ध्या चौरस मिलिमीटरची, ३० मीटर लांब तांब्याची वायर घेतली, तर जाऊन-येऊन सव्वादोन ओहमच्या आसपास रोध होतो. मशीननं ७ अँपिअर ओढले, की १५ व्होल्ट वायरीतच जातात आणि शंभरेक वॉटची उष्णता वायरीत तयार होते. भेंडोळं गुंडाळलेलंच असेल, तर ती उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण मऊ पडतं. वायर जाड घ्यावी आणि पूर्ण उलगडावी. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर तिला दुहेरी आवरण आहे, म्हणून तिला अर्थिंगची तार नसते. पण पात्यानं स्वतःचीच वायर कापली तर ते आवरण उपयोगाचं नाही. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच, लागतो. वायर खांद्यावरून मागे टाकायची, म्हणजे ती पात्यापुढे येत नाही आणि प्लायच्या कोपऱ्यात अडकून ऐन कापात मशीनला हिसकाही देत नाही. पातं बदलायची ॲलन की काही जण प्लगजवळच टेपनं चिकटवून ठेवतात. की घ्यायची तर प्लग हातात यावाच लागतो.

भुशाबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकली, मुख्यतः नाक आणि सायनसच्या कर्करोगामुळे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, एन-९५ अडवतो. आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार तेवढ्या आवाजात दिवसाला फक्त १५ मिनिटं काढावीत, म्हणून कानात बोळे हवेत.

आणि इतकं करूनही बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा आणि १०८ ला फोन करायचा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फात ठेवलं तर पेशी गोठून मरतात आणि जोडणाऱ्या सर्जनच्या हाती काही उरत नाही. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात धावण्याआधी, बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कुठे होते ते फोनवर विचारून घ्यावं, आणि पिशवी जखमी माणसाबरोबर त्याच गाडीतून न्यावी.