सहा महिने बाहेर, मग कर कुठे? १८२ दिवसांच्या नियमाची पार्श्वभूमी

श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंत बोटीवरच्या किंवा आखातातल्या कमाईवर उभी राहिलेली घरं पुष्कळ आहेत. त्या घरांत एक समज पिढीजात चालत आलाय: सहा महिने बाहेर काढले की कर नाही. यात दोन वेगळे नियम एकात कालवले गेलेत. माणूस त्या वर्षी भारताचा रहिवासी होता का, हा पहिला प्रश्न. एकाच कमाईवर दोन देशांनी हात मारला तर सूट कोणी द्यायची, हा दुसरा. दोन्हींचा उगम वेगळा आणि लागणारे कागदही वेगळे.

दुसरा प्रश्न आधी उभा राहिला, आणि तो व्यापाऱ्यांमुळे. पहिल्या महायुद्धानंतर सगळीकडे कर चढले. राष्ट्रसंघाने नेमलेल्या ब्रुइन्स, आइनाउदी, सेलिगमन आणि स्टँप या चार अर्थतज्ज्ञांनी १९२३ मध्ये दुहेरी करावर अहवाल दिला. आपल्याकडे १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४९ होतं. ब्रिटनमध्येही कर भरलेल्याला त्यातून सवलत मिळे. त्याच काळात रत्नागिरीकडचे खलाशी आणि त्यांचे मुकादम, म्हणजे टिंडेल आणि सारंग, विलायती बोटींवर डेक सांभाळत होते, पण त्यांचा पगार कराच्या उंबरठ्याला शिवतच नव्हता. फाळणीनंतर एकाच धंद्याचे दोन तुकडे दोन देशांत पडले, तेव्हा भारत-पाकिस्तान करार १० डिसेंबर १९४७ ला, म्हणजे चार महिन्यांच्या आत झाला. १९६१ च्या कायद्यात ही व्यवस्था दोन कलमांत बसली. करार असलेल्या देशांसाठी कलम ९०, नसलेल्यांसाठी कलम ९१.

पहिला प्रश्न १९३९ च्या दुरुस्तीने पुढे आणला. रहिवासी, अनिवासी आणि मधला 'सामान्यतः रहिवासी नसलेला' ही विभागणी तेव्हाची. १९६१ च्या कायद्यात ती कलम ६ मध्ये आली. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की रहिवासी. ६० दिवस भरले आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ भरले असतील, तरीही रहिवासी. ही ६० दिवसांची अट नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती लागत नाही. भारतीय जहाजावरच्या कर्मचाऱ्यालाही नाही. त्यांना फक्त १८२ पाहायचे. केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'नोकरी'त स्वतःचा धंदाही धरला, म्हणून ठेकेदारीवर जाणाऱ्यालाही हा आधार आहे.

इथेच 'सहा महिने' फसतात. भारतात १८२ भरू द्यायचे नाहीत, म्हणजे जास्तीत जास्त १८१. ३६५ मधून ते वजा केले की बाहेरचे १८४ दिवस लागतात, लीप वर्षात १८५. आता १ ऑगस्टला निघून ३१ जानेवारीला परतणाऱ्याचा हिशोब मांडू. जाण्याचा आणि येण्याचा दिवस भारतात धरणं सुरक्षित (येण्याच्या दिवसावर निवाडे उलटसुलट आहेत). ऑगस्टचे ३०, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३०: एकूण १८२. भारतात उरले १८३. नोकरीचा करार पुरा सहा महिन्यांचा, तरी माणूस रहिवासी, आणि तो 'सामान्यतः रहिवासी नसलेला' या मधल्या वर्गात बसत नसेल तर परदेशातला सगळा पगार इथल्या रिटर्नमध्ये.

हेच दिवस बोटीवरच्या माणसाला वेगळे मोजतात. भारतीय किनाऱ्याजवळ जहाजावर काढलेले दिवस कुठले, यावर पूर्वी सतत खटके उडत. २०१५ च्या दुरुस्तीने आणि त्यावर आलेल्या नियम १२६ ने ठरवलं की सीडीसीवरच्या (खलाशाच्या सेवापुस्तिकेवरच्या) साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या तारखेपासून साइन ऑफच्या, म्हणजे उतरण्याच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातल्या मुक्कामातून वगळायचा. १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी, दोन्ही तारखा धरून, बरोबर १८४. भारतात १८१. तोच करार, त्याच तारखा, पण हा अनिवासी. अट एक: सफर भारतातल्या बंदरातून परदेशी बंदराकडे किंवा तिकडून इकडे असावी. सिंगापूरहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजावरचा काळ या शब्दांत नीट बसत नाही. तिथे पासपोर्टवरचे शिक्केच कामी येतात.

आखाताशी दुहेरी करावरचे करार उशिरा आले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि खेड, चिपळूण, म्हसळ्याकडची माणसं कुवेत-सौदीला लागली. अमिरातीशी करार १९९२ चा, ओमानशी १९९७ चा, सौदी आणि कुवेतशी थेट २००६ चा. पण तिथे पगारावर करच नाही, त्यामुळे वजा करायला काही उरत नाही. अमिरातीशी २००७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तिथला रहिवासी ठरायला कॅलेंडर वर्षात १८३ दिवस लागतात. वरच्या सहा महिन्यांच्या नोकरीत ऑगस्ट ते डिसेंबर १५३ च भरतात. म्हणजे तिथला रहिवासी नाही, इथला मात्र आहे.

२०२० च्या अर्थसंकल्पाने एक धडकी भरवली. कुठेच कर न भरणारा भारतीय नागरिक भारताचा रहिवासी मानायचा, असं मूळ कलम होतं. दुसऱ्याच दिवशी खुलासा करावा लागला, आणि शेवटी परदेशी उत्पन्न सोडून उरलेलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तरच, ही मर्यादा आली. हापूसच्या बागेचं उत्पन्न शेतीचं, ते या १५ लाखांत येत नाही. मुंबईतल्या फ्लॅटचं भाडं येतं.

अनिवासी ठरलेल्या खलाशाची आणखी एक अडचण २०१७ मध्ये सुटली. पगार इथल्या बँकेत एनआरई खात्यावर (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईच्या खात्यावर) जमा झाला, म्हणजे तो 'भारतात मिळाला', असा अर्थ काही ठिकाणी काढला जात होता. ११ एप्रिल २०१७ च्या परिपत्रकाने तो मोडला. परिपत्रक परदेशी जाणाऱ्या जहाजावर भारताबाहेर केलेल्या कामाच्या पगारापुरतं आहे, हे विसरू नये; जहाजावर झेंडा भारतीय असला तरी चालतो, हे त्याच महिन्यातल्या दुसऱ्या परिपत्रकाने स्पष्ट केलं.

खरा दुहेरी कर ब्रिटन-अमेरिकेसारख्या ठिकाणी लागतो, आणि तिथे कमावून भारताचा रहिवासी राहिलेल्याला इथे सूट मागावी लागते. २०१७ पर्यंत तिची ठराविक पद्धत नव्हती, ज्याच्या टेबलावर फाइल जाई त्याचा नियम. १ एप्रिल २०१७ पासून नियम १२८ आणि फॉर्म ६७ लागू झाले. सूट मिळते ती दोनांतली कमी रक्कम. परदेशात १० लाखांवर २ लाख कापले आणि इथल्या सरासरी दराने त्या १० लाखांवर दीड लाख बसतो, तर सूट दीड लाखाचीच. उरलेले ५० हजार भारत परत देत नाही. तिकडचा दंड आणि व्याज यात धरत नाहीत. कापलेल्या कराचे रुपये करताना, तो ज्या महिन्यात कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकी चलन विकत घेते तो दर) घ्यायचा. गूगलवर दिसणारा रेट नाही.

सगळ्यात जास्त घोळ वर्षांचा होतो. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आपल्याशी जवळपास जुळतं. अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. ऑक्टोबर ते एप्रिल अमेरिकेत काम केलं तर तिथली दोन वर्षं आणि इथलीही दोन वर्षं तुटतात. तिथलं वार्षिक प्रमाणपत्र इथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. महिन्याच्या पगारस्लिपा लागतात, कारण कर त्या-त्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून दाखवायचा असतो. म्हणून परतण्याआधीच स्लिपा उतरवून घ्याव्यात. करार संपला की कंपनीचं लॉगिन बंद होतं.

फॉर्म ६७ पूर्वी रिटर्नच्या मुदतीतच द्यावा लागे, आणि एक दिवस चुकला म्हणून सूट नाकारलेली प्रकरणं न्यायाधिकरणांपर्यंत गेली. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने मुदत आकारणी वर्षाच्या, म्हणजे कमाईच्या वर्षानंतरच्या वर्षाच्या, शेवटापर्यंत वाढवली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. २०२५-२६ ची कमाई मात्र जुन्याच कायद्याने. दोन्हीकडे दिवस मोजावे लागतातच, आणि दुबईच्या स्मार्ट गेटमधून गेल्यास पासपोर्टवर शिक्का उमटत नाही, तेव्हा बोर्डिंग पास जपून ठेवावा लागतो.